मागची गाडी

परदेशातल्या त्या लाँड्रीत आपली भाषा कानावर पडली म्हणून मी मान वळवली. सायकल शर्यतीची जर्सी घातलेली एक मुलगी मशीनसमोर बसली होती. दोन्ही तळहातांना पट्ट्या, म्हणून फोन बाकावर, स्पीकरवर.

"आई, हळू बोल. सगळ्यांना ऐकू जातंय."

"जाऊ दे. आज दिसलीस हो टीव्हीवर! बाकीच्या सगळ्या घोळक्यात, आणि तू एकटी, ऐटीत. मागे खास गाडी! मावशीला लगेच फोन केला. म्हटलं, बघ, पोरीला काय मान देतात."

"अगं, ती मानाची गाडी नाहीये."

"मग कसली?"

"शर्यत सोडणाऱ्यांना उचलून नेणारी. ती सगळ्यात शेवटच्या बाईच्या मागे असते. आज शेवटची मीच होते."

"अगं बाई! पडलीस तेव्हाही मागेच होती?"

"हो. ड्रायव्हरनं दार उघडलं. म्हणाला, बस, पुढे मोठा चढ आहे. चढावर परत उघडलं."

"मग?"

"मग काय! त्यात बसलं की शर्यत संपली. उद्याचा टप्पा, परवाचा टप्पा, काहीच नाही."

"म्हणजे बसली नाहीस."

"नाही."

"मग मावशीला मी खोटं काय सांगितलं?"

"आई, मी शेवटची आले!"

"कळलं. ब्रेक दाबता येतोय का त्या हातांनी?"

"दुखतंय. पण येतोय."

"मग झालं तर. उद्या परत दार उघडलं ना त्या मेल्यानं, तर लावून घे म्हणावं, धूळ जातेय आत."