साहेबाची सही

चहा घ्या, तवर सांगतो. स्टील प्लांटची नोकरी सोडून मी हथखोजच्या कारखान्यांच्या भागात स्वतःची लेथ मशीन टाकली, तेव्हा प्लांटच्या कॉलनीतला आमचा सारा सेक्टर म्हणे, "याले वेड लागलं. प्लांटचं क्वार्टर गेलं, आता पोरंबाळं कुठं ठेवीन?"

पहिलं काम आलं राइस मिलवाल्या शेठचं. शाफ्ट तुटल्यानं त्याची मिल बंद होती. नवा शाफ्ट तयार झाला, शेठ तो टेम्पोत ठेवाले लागला अन् माझ्या तोंडून निघालं, "थांबा, गेट पासवर साहेबाची सही आणतो." प्लांटमधून सहीबिगर खिळाही बाहेर जात नाही ना, तीच सवय. मी स्कूटरले किकही मारली.

डबा घेऊन आलेली बायको म्हणे, "कोणत्या साहेबाकडे चालले? इथले साहेब तर तुमीच."

मी स्कूटर परत लावली, खडू घेतला अन् शाफ्टवरच झोकात सही केली.

शेठ म्हणे, "ये क्या है?"

म्हटलं, "गेट पास."

तवापासून प्रत्येक कामावर माझी खडूची सही असते. परवा प्लांटात गेट पासवर सही करणारा आमचा तोच जुना साहेब आला, आता रिटायर झालेला. त्याच्या पंपाचं काम करून दिलं, तरी हलेना.

म्हटलं, "काय राहिलं, साहेब?"

म्हणे, "सही."