शनिवारी साडेअकराला वाजलेल्या घंटेबाबत

जबाब, दिनांक ८/८/२००६

मी कहकशां बशीर शेख, वय २३ वर्षे, धंदा सायकल दुरुस्ती (वडिलांच्या दुकानात), राहणार सावळखेडा, तालुका राळेगाव, जिल्हा यवतमाळ. ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी शनिवारीच इथे आले होते. साहेब पंचनाम्याला गेले होते. रविवारी आणि सोमवारी आले तेव्हा दुसऱ्या गावच्या पंचनाम्याला गेले होते. म्हणून जबाब आज होत आहे.

दि. ५ व ६ ऑगस्ट रोजी आमच्या गावी जिल्हा अजिंक्यपद सायकल स्पर्धा होती. शनिवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी महिलांची क्रॉस शर्यत सुटली. ही शर्यत रस्त्यावर नसते, चिखलातून असते. जिथे सायकल चालत नाही तिथे ती खांद्यावर घेऊन पळायचे. एकूण पाच फेऱ्या होत्या. पहिल्या दोघी राज्य स्पर्धेला जाणार होत्या. वयाची अट तेवीस असल्याने माझे हे शेवटचे वर्ष होते.

वाट शाळेच्या मैदानातून निघून बंद पडलेल्या कापूस खरेदी केंद्राच्या आवारातून आणि एका पडीक वावरातून परत मैदानात येत होती. केंद्रात पूर्वी गाड्यांची रांग लागायची, आता गाजरगवत आहे. वावराची माती काळी. ती चाक आणि ब्रेकच्या मध्ये बसली की चाक फिरत नाही, ओढावे लागते. मी मडगार्ड आधीच काढले होते आणि वावर लागताच उतरून सायकल खांद्यावर घेत होते. बाकीच्या मुली तिथे चालवायला गेल्या आणि रुतल्या. तिसरी फेरी संपताना मी सुमारे पाऊण मिनिट पुढे होते.

फेऱ्या लिहायचा फळा खडूचा होता, तो पावसाने पुसला गेला. त्यावर स्पर्धा समितीचे सचिव सदाशिवराव काळबांडे यांनी माईकवर दोनदा सांगितले, "फळ्याकडे पाहू नका, घंटा आयका. घंटा झाली का शेवटची फेरी." घंटा शाळेचीच, झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. ती वाजवायला शाळेचे शिपाई उकंडा आत्राम यांना उभे केले होते.

मी तिसरी फेरी संपवून रेघेवर आले तेव्हा घंटा झाली. मला तीनच फेऱ्या आठवत होत्या, पण माणूस चिखलात मोजायला चुकतो, घंटा चुकत नाही असे मी समजले. चौथ्या फेरीत अंगात होते नव्हते ते सगळे काढले. रेघ ओलांडली, सायकल अब्बांच्या हातात दिली आणि खाली बसले. अब्बा पस्तीस वर्षे मेकॅनिक आहेत. त्यांनी सवयीने लगेच मागचे चाक खोलून माती काढायला घेतली. तेवढ्यात सदाशिवराव माईकवर ओरडले की एक फेरी बाकी आहे. अब्बा म्हणाले, "रुक बेटा, नट बसून नाही राह्यला." दोन मुली माझ्यासमोरून गेल्या. शेवटची फेरी मी कशी केली ते सांगता येत नाही. माझा तिसरा नंबर आला. माझ्या पुढे अर्धे चाक उमरखेडची सोनू होती.

मी तशीच उकंडाकाकांकडे गेले. विचारले, "काका, काहून वाजवली?" ते म्हणाले, "साडेअकरा झाले ना बाई. शनवार हाय." शनिवारी सकाळची शाळा साडेअकराला सुटते. त्या दिवशी स्पर्धेमुळे शाळेला सुट्टी होती. काका बावीस वर्षे ही घंटा देत आहेत. मला त्यांचा इतका राग आला की मी रुळावर हात आपटला. त्याची जखम दाखवली आहे. त्यांना हात लावलेला नाही.

सदाशिवरावांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "चुकीले नियम नाही बेटा, दारूले हाय. शिपाई पिऊन होता असं ठाण्यात लिहून दे, निकाल रद्द करतो, शर्यत पुन्हा घेतो." उकंडाकाकांना निवृत्तीला दोन महिने राहिले आहेत, हे मला त्याच वेळी अब्बांनी सांगितले.

तरी विचारल्यावरून सांगते की, मी काकांपासून हातभर अंतरावर उभी होते. तोंडाला तंबाखूचा वास होता, दारूचा नव्हता. डोळे नीट होते. मी मनगटावरचे घड्याळ पाहिले होते, घंटा बरोबर साडेअकराला झाली. निकाल तसाच राहिला तरी माझी हरकत नाही असे लिहू नये. हरकत आहे. चूक त्यांची आहे आणि नुकसान माझे झाले, तेवढेच लिहावे.

जबाब लिहून झाल्यावर मला वाचून दाखवला. त्यात "शिपाई नशेत असल्याचे दिसले" असे एक वाक्य निघाले. ते मी सांगितलेले नव्हते. ते माझ्यासमोर खोडले असून खोडल्या जागी माझी सही आहे. आता जबाब मी सांगितला तसा आहे.