सरांचं चालणं

डॉक्टरांचं काय जातंय हो, "चाला" म्हणायला? आमच्या महाडात चालू देतंय कोण?

हिच्या माघारी माझं बीपी वाढलं, म्हणून मुलीने मुंबईहून ट्रेडमिल पाठवली. दोन महिने रोज अर्धा तास भिंतीकडे बघत चाललो. घाम यायचा, पण बीपी काही उतरेना, वर चिडचिड वाढली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "सर, त्यापेक्षा बाहेर मोकळ्या हवेत चाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाते गावच्या रस्त्याला लागलो. पाच मिनिटांत शेजारी मोटरसायकल थांबली. माझा जुना विद्यार्थी, जनार्दन.

"सर, पायी? गाडी बंद पडली काय?"

"नाही रे, व्यायाम करतोय."

"बसा, सोडतो."

"अरे, मला कुठे जायचंच नाहीये!"

त्याने इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत माझ्याबरोबर चालायला लागला. "तुम्ही पायी नि मी गाडीवर, बरं नाय दिसत."

चढावर त्याला धाप लागली. मलाच दया आली, बसलो. त्याने थेट शेतावर नेलं, वालाच्या शेंगा दाखवल्या. बांधावर चहा पिताना तो मुलाच्या नोकरीची काळजी बोलला, मी पहिल्यांदाच कुणाजवळ हिच्याबद्दल बोललो. मग त्याने घरी आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी दुसरा विद्यार्थी, दुसरी गाडी. तीस वर्षं शिकवलंय, तालुक्यात विद्यार्थ्यांचा काय तोटा?

महिन्याभराने डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि खूश झाले. "गोळी अर्धी करू या. रोज किती चालता?"

म्हटलं, "पहिली गाडी थांबेपर्यंत."