कानातला फाया

गोजराबाई : आठ दिवसाचा झाला म्हनून काय झालं? तुमी अत्तरवाले हाय ना, हिरालालजी? मंग नाकाले लावा अन् सांगा.

हिरालाल : कापसात आता काय राह्यलं अशीन, बाई? बरं, आना इकडं.

(हिरालाल कापसाचा बोळा नाकाजवळ धरतो, डोळे मिटतो.)

हिरालाल : हं. माल माहाच हाय. चंदनावर उतरवलेला मोगरा. मोगरा उडून गेला, चंदन तेवढं राह्यलं.

रंगूबाई : झालं समाधान? चला आता, वहिनी. केनवडचा बाजार उठाले आला अन् तुमी माह्या दादाच्या कानातला कापूस लोकाइले हुंगवून राह्यल्या. सारे पाहून राह्यले.

गोजराबाई : पाहू द्या. पंधरा वर्सात तुमच्या दादानं डोक्याले धड तेल नाई लावलं, रंगूबाई. आता कानात फाया कायले? घरच्या वावरात वांगे सडून राह्यले, अन् हे दर बाजाराले त्या अंजनाचे वांगे आनतात. आज मीच गेली तिच्या टोपलीजवळ. तिच्या पदराले हाच वास. हाच!

रंगूबाई : काहीतरीच बाप्पा! बाईचं अन् मानसाचं अत्तर एक असते का कधी?

हिरालाल : असते ना जी. गुलाब बाया नेतात, खस मानसं नेतात. हे मात्र दोघाइलेही चालते.

गोजराबाई : आयकलं? म्हंजे दोन शिश्या नेल्या अशीन. एक आपल्याले, एक तिले. खरं सांगा, हिरालालजी.

हिरालाल : एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याले सांगत नसतो, बाई. धंद्याचा उसूल हाय.

रंगूबाई : उसूल ठेवा पेटीत. सांगा तुमी बिनधास्त! माहा दादा तसा नाई. तुमच्या तोंडून आयकलं का वहिनीच्या जिवाले तरी थंडक पडन.

हिरालाल : पाहा बरं, तुमीच म्हनून राह्यल्या. पोळ्याच्या बाजारी अंजनाबाई आली. दिवसभर कांद्यालसनात हात, घरी गेल्यावर आपलाच वास नको होते म्हने. मी मानूस पाहून अत्तर देतो. हिना दाखवली, गुलाब दाखवला. तिनं मान हलवली. मंग हे दिलं. तिनं सोतासाठी घेतलं, सोताच.

गोजराबाई : मानूस पाहून? काय पाह्यलं तिच्यात?

हिरालाल : जाऊ द्या ना, बाई.

गोजराबाई : काहून जाऊ देऊ? सांगा.

हिरालाल : हे अत्तर गलका करत नाई. पहिले मोगरा लागते, तोही हळूच. तो गेला का लोक समजतात, संपलं. तवा कुठं चंदन सुरू होते, ते दुसऱ्या दिवशीही जाग्यावर. याले तशाच सोभावाचं मानूस लागते. घाई नसलेलं. समोरच्याचं सारं बोलनं आयकून घेनारं.

गोजराबाई : अन् माह्या सोभावाले? माह्यासाठी कोनतं काढसान पेटीतून?

रंगूबाई : तुमच्यासाठी मिरचीचं, वहिनी. एक थेंब लावला का सारा बाजार शिंकते.

गोजराबाई : हासा. तुमचं घर नाई ना हे. पुढं सांगा जी. ह्याइनं कवा नेलं?

हिरालाल : त्याच्या पुढच्या बाजारी. जगदेवरावाले अत्तराचं नाव माहीत नवतं. म्हने, ते समोरची भाजीवाली लावते, ते द्या. म्या म्हटलं, मालक, तुमी मोठ्यानं बोलनारे, मोठ्यानं हासनारे. तुमाले गुलाब शोभन. नाई आयकलं.

गोजराबाई : अन् तिले नेऊन दिलं.

हिरालाल : तिच्याजवळ तर होतंच. त्याइनं इथंच फाया केला, कानात ठेवला अन् गेले आपल्या बैलगाडीकडं. तवापासून दर बाजाराले एक फाया. तिले बिचारीले पत्ताही नाई. वांगे मोजून देते, बस.

रंगूबाई : पाह्यलं? आता बोला! भेटनं नाई, बोलनं नाई, देनं नाई, घेनं नाई. काही नाई म्हंजे काही नाई.

गोजराबाई : काही असतं तर बरं होतं, रंगूबाई. तिची टोपली उधळली असती, झिंज्या धरल्या असत्या. आता कोनाशी भांडू? तिनं तर काही केलंच नाई.

रंगूबाई : मंग दादाशी भांडा.

गोजराबाई : काय म्हनू त्याइले? कानातला कापूस काढा म्हनू? काढतीन. तेवढं आयकतात माह्यं.





रंगूबाई : हिरालालजी, लढाई लागल्यापासून तुमचा माल येत नाई ना?

हिरालाल : कुठं येते? जऊळक्याच्या टेसनावर दोन महिन्यात एक पार्सल नाई. याची अर्धी शिशी राह्यली, तीच शेवटची.

रंगूबाई : मंग दादा आला का म्हना, संपलं. बस. इषय मिटला.

हिरालाल : म्हनतो. त्यात काय?

गोजराबाई : नका म्हनू.

रंगूबाई : काहून व वहिनी? तुमच्यासाठीच तं बोलून राह्यली मी.

गोजराबाई : इथं संपलं म्हटलं, तं वास घ्याले ते तिच्याजवळच जातीन.

हिरालाल : मंग काय करू, बाई?

गोजराबाई : राह्यली ते शिशी त्याइच्यासाठी बाजूले ठेवा. दुसऱ्या कोनाले देऊ नका.