मेणबत्तीचं बटण

इंटरव्ह्यू कोण घेणार हे आधी विचारावं का? विचार की, मृण्मयी! कोऑर्डिनेटरला नम्र ईमेल टाक, नावं मिळतात. फक्त आपल्या सवयीप्रमाणे त्यांच्या घरी कोण कोण असतं, इथपर्यंत जाऊ नकोस.

मी गेले होते. अमेरिकेत प्लेनोला मावशीकडे राहून हॉस्पिटलांमधल्या रेसिडेन्सीचे इंटरव्ह्यू देत होते तेव्हा. इंटरव्ह्यू घेणाऱ्या एका डॉक्टरांचं नाव फोनवर शोधलं, तर त्यांच्या बायकोच्या श्रद्धांजलीचं पान उघडलं. चार वर्षांपूर्वी गेलेली. स्क्रोल करताना 'मेणबत्ती लावा' या बटणावर बोट पडलं आणि खाली माझं पूर्ण नाव उमटलं. काढायची सोयच नाही!

इंटरव्ह्यूत त्यांचा पहिलाच प्रश्न, "तू माझ्या बायकोला ओळखायचीस?"

चौकशा करत होते असं कसं सांगणार यार? म्हटलं, "एकदाच भेटलो होतो."

त्यांनी माझी फाईल मिटली. मग म्हणाले, "हो, ती म्हणाली मला. काल."

माझा नंबर तिथेच लागला. आता रोज राउंडच्या आधी ते मला बाजूला घेतात आणि हळूच विचारतात, "तुला काय म्हणाली?"

आणि मी सांगते.