अळणी भाजी

खोटं बोलत असीन त माहे उरलेले तीन दात इथंच गळून पडोत. कोरोनाच्या सालची गोष्ट. अकोल्यात दवाखान्याबाहेर डबे द्यायची लाइन होती. भातकुलीची पार्बताबाई भरती असलेल्या नवऱ्याचा डबा घेऊन उभी, आन तिच्यापुढं तिच्या पोरीची सासू, कौतिकाबाई. पार्बताबाईच्या घरी रोडगे आन वांग्याच्या भाजीचं जेवण झालं, तवापासून सासूनं पोरीले माहेरी पाठवणं बंद केलं होतं.

"तुमच्या वांग्याच्या भाजीनं आमच्या बुढ्याले हगवण लागली, इहीणबाई."

"डाक्टरनं कोरोना सांगतला ना?"

"कोरोनाले खोकला असते. यायले कुठं खोकला हाय?"

"कोणाकोणाले पोटातच होते म्हणे. अर्ध्या वार्डाले हगवण हाय."

"मंग अर्धा वार्ड तुमच्याकडंच जेवला असन."

"जेवले ते चाळीस जण. दुसऱ्या कोणाचं पोट बिघडलं?"

"नाई."

"तुमचे बुढे, आमचे इवाई, जेवताना काय म्हणले होते?"

"भाजी अळणी हाय म्हणले."

"आन बाकीचे?"

"बाकीच्यायनं दोन-दोनदा घेतली."

"मंग इवायाच्या तोंडाची चव पहिलेच गेली होती. कोरोना आमच्याकडं जेवाले आला, इहीणबाई. आमच्याकडून गेला नाई."

कौतिकाबाईनं पदर सारखा केला. लाइन दोन पावलं सरकली, तशी तिनं मागं वळून इचारलं.

"डब्यात काय आणलं?"

"वरणभात."

"मीठ टाकलं ना?"

"काहून? त्यायले आता चव कुठं समजते."

"टाकत जा. आमचा बुढा घरी आला का पोरीले पाठवतो आठ दिवस."

समदं खरं हाय. डब्यातल्या मिठाचं तेवढं म्या मनानं जोडलं. पार्बताबाईनं मीठ बराबर टाकलं होतं.