दाढ माझी, दवाखाना अक्षयाचा

...आता तुम्हीच सांगा, सव्वीस वर्षं जी चांदी माझ्या उजव्या दाढेत मुकाट बसली होती, तिला उठवायची काय गरज होती? तुम्हाला सांगतो, सावंतवाडीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी भरलेली, काळी पडली होती, मान्य, पण तिने काय कमी चावलं? बांगड्याचे काटे, कडक चिक्की, एकदा तर जाळ्याची दोरी मी तिनेच तोडली... होडीवर सुरी कोण शोधत बसतो? पण लेक डेंटिस्ट झाली, अक्षया, मालवणच्या बाजारात दवाखाना उघडला, आणि पहिल्या दिवशी खुर्चीत बसायला कुणी येईना, तेव्हा बसलो मी. दाढ माझी, पण दवाखाना तिचा.

तिने दाढेचा एक्स-रे काढला आणि कपाळाला आठ्या. "बाबा, चांदीची कड सुटली आसा, खाली कीड आसा." म्हटलं, "मग परत चांदीच भर गो." तर म्हणते, "पांढरा भरूया, दाताच्या रंगाचा, कोणाक कळाचा नाय." माझ्या दाढेचा रंग बघणार कोण, सुरमई? पण तिचे हात बघितले, मोज्यांत थरथरत होते... मी गप आ केला. निळा दिवा धरला, क्षणात दगडासारखं घट्ट. बाहेर माझी बायको हिरा चार बायकांना सांगत होती, "ह्यांका कायएक दुखूक नाय." त्यातल्या दोघी लगेच आत गेल्या.

आठव्या दिवशी घरात कुर्ल्या. डेंगो, म्हणजे कुर्लीची नांगी, दाढेखाली धरला, दाबला, कट्ट... मला वाटलं कुर्लीचं कवच, ते निघालं माझंच. तुकडा रुमालात बांधला आणि गप्प. डॉक्टरणीच्या बापाचीच दाढ फुटली हे बंदरावर कळलं तर? तीन आठवडे डाव्या बाजूने जेवलो. गार पाणी लागलं की डोळे भरायचे, हिरा विचारायची, "काय झाला?" मी सांगायचो, "तिखट झाला." बिचारीने मिरचीच बंद केली, तीन आठवडे मिळमिळीत कालवण. सांगणार कसं? दाढ माझी, पण दवाखाना तिचा.

शेवटी अक्षयानेच पकडलं. तळलेली सुरमई मी आमटीत भिजवून खातोय, ती म्हणाली, "बाबा, आ करा." केला. बोटाने गाल बाजूला करून तिने बघितलं. "माका सांगूक नाय?" मी म्हटलं, "तुझो दवाखानो नवो..." वाटलं रडेल, पण नाही रडली. "चूक माझी, बाबा. भोक मोठा होता, नुसता भरून टिकणारा नव्हता, दाढेर टोपी, कॅप, बसवूक होयी होती. तुम्ही गप रवलात तर माका कळतला कसा?"

दुसऱ्या दिवशी वाट बघणाऱ्या माणसांसमोर ती सरळ बोलली, "हे माझे बाबा. मी भरलेली दाढ फुटली, आता परत करतंय." मी मान खाली घातली, म्हटलं, उठले आता सगळे. एकही उठला नाही. मासे विकणारी किशोरीकाकी म्हणाली, "ह्या चेडू खरा सांगता. माझी पण बघ गो." तेव्हा लेकीच्या हातांकडे बघितलं... थरथर नव्हती.

आता टोपी बसलीय, कालवणात मिरची परत आलीय, सुखात आहे म्हणा. फक्त काल जेवताना अक्षया टक लावून बघत होती, मला वाटलं मायेने बघते, मीही रुंद हसलो. तर म्हणते, "बाबा, तुमका अक्कलदाढ एकय नाय." आणि हिरा भात वाढता वाढता, मान वर न करता म्हणाली, "ता माका लग्नापासून म्हायत आसा."

मी भात कालवला.